डाळ शिजली, पण पाण्याचं काय?

विदर्भात नव्या विहिरीचं पाणी तपासायची जुनी रीत म्हणजे तुरीची डाळ. मऊ शिजली तर पाणी गोडं, दाणा टणक राहिला तर जड. सोबत साबणाला फेस येतो का ते पाहायचं. ही परीक्षा वेडगळ नव्हती. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की डाळ शिजत नाही, हे रसायनशास्त्रही सांगतं. आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, खारेपणा जिभेलाच कळतो.

फसगत होते ती दात आणि हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडपाशी. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याला चिकटून खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलं की ते विरघळलेलंच राहतं. म्हणजे फ्लोराइडचं पाणी बहुतेक वेळा हलकं असतं, त्यात डाळ छान शिजते. आजीच्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास!

हे पाणी घरात आलं कसं, तर चांगल्या हेतूनं. पूर्वी विहिरीच्या पाण्याची भीती होती ती पटकीची (कॉलरा) आणि नारू या जंताची. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरत, त्यातून नारू पसरे. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. या लढाईचा मंत्र होता उघडी विहीर सोडा, हातपंपाचं पाणी प्या. 1972च्या दुष्काळानंतर राज्यभर बोअर वाढल्या. जंतूंच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पण उघडी विहीर वरच्या थरातलं, दर पावसाळ्यात बदलणारं पाणी देते; बोअर 200-300 फुटांवरच्या भेगांत वर्षानुवर्षं खडकाला टेकून राहिलेलं पाणी उपसते. ग्रॅनाइट-नाइस खडकातल्या अभ्रक, ॲपेटाइट अशा खनिजांतून फ्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतं. पूर्व विदर्भात हा खडक आहे. यवतमाळच्या दक्षिणेला, केळापूर, झरी जामणी, वणी भागात काळ्या पाषाणाचा थर संपत जातो आणि त्याखालचे जुने खडक लागतात. तिथल्या गावांतही फ्लोराइड सापडलं आहे. पानाड्या हातात नारळ धरून पाणी कुठे आहे ते सांगतो, पाण्यात काय आहे ते त्याच्या नारळाला कळत नाही.

देशात फ्लोराइडचा हा आजार, म्हणजे फ्लोरोसिस, 1937 सालीच नोंदला गेला होता, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात. आमच्याकडे मात्र दातांवर डाग दिसले की बोट आधी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे जातं. खर्ऱ्याला कधी हातही न लावलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे असतील आणि घासूनही जात नसतील, तर ते पट्टे दात हिरडीत घडत असतानाच उमटलेले असतात. पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की सांधे आणि पाठ आखडू लागते.

उपायावरचं संशोधनही इथलंच. 1958 साली नागपुरात सुरू झालेल्या आणि पुढे नीरी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत तयार केली. तिला नाव मात्र तेलंगणातल्या नलगोंड्याचं मिळालं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पहिल्यांदा 1983 साली निघालं. आजच्या मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5.

सरकारी तपासणी वाढली ती सार्वजनिक स्रोतांची. जलसुरक्षक ग्रामपंचायतीच्या विहिरीचे, हातपंपाचे नमुने नेतो. गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. ते कार्ड स्रोताच्या आसपासच्या स्वच्छतेवर ठरतं, खडकावर नाही. घरामागची, वावरातली बोअर या यादीत येत नाही. ती मालकाची, तपासणीही मालकाचीच. दुकानदार टीडीएसचा पेन बुडवून दाखवतो, पण तो सगळ्या क्षारांची मिळून बेरीज सांगतो, फ्लोराइड वेगळं काढून दाखवत नाही. आणि पाणी उकळलं तर फ्लोराइड जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात दाट होतं.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमधून गावोगावच्या बायांना तपासणी संच वापरायला शिकवलं गेलं. नळीत थोडं पाणी, त्यात औषधाचे थेंब. लालसर गुलाबी रंग राहिला तर बरं. तो पिवळटाकडे झुकला की फ्लोराइड आहे. कागदावरच्या रंगपट्टीशी नळी उन्हात धरून जुळवायची. दोघींचं एकमत होईपर्यंत नळी हातोहात फिरते. अंदाजाला हे पुरतं. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळा. त्यासाठी मोटर काही मिनिटं चालू ठेवून, काचेच्या नव्हे तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरायचं. चिठ्ठीवर बोअरची खोली लिहून द्यावी. ती कोणाला आठवावी लागत नाही, कारण पैसे फुटाप्रमाणे मोजलेले असतात.