वल्लादा बिन्त अल-मुस्तक्फी

वल्लादा बिन्त अल-मुस्तक्फी (अकराव्या शतकाचा आरंभ – १०८७ किंवा १०९१) ही अल-अंदलुसमधील, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या मुस्लिम अमलाखालील प्रदेशातील अरबी कवयित्री. ती कोर्दोबाच्या उमय्या घराण्यातली राजकन्या होती. तिच्या नावावर आज जेमतेम नऊ-दहा छोट्या रचना उरल्या आहेत. सगळ्या मिळून दोन पानांत मावतील. तरी अंदलुसी काव्याचा इतिहास तिला वगळून कोणी लिहीत नाही. बहुतेक ठिकाणी तिची ओळख ‘कवी इब्न झैदूनची प्रेयसी’ अशी करून दिली जाते. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि वल्लादाच्या ओळी मन लावून वाचल्या की हे अपुरेपण चांगलेच खटकते.

तिचा जन्म झाला तेव्हा कोर्दोबाचे वैभव उतरणीला लागत होते. १००९ मध्ये खिलाफतीत यादवी पेटली. अरबी इतिहासकार तिला ‘फित्ना’ म्हणतात. पुढच्याच वर्षी शहराबाहेरच्या मदीनत अझ-झहरा या राजनगरीची लूट आणि नासधूस झाली. तिसऱ्या अब्द अर-रहमानने ९३६ च्या सुमारास वसवायला घेतलेली ही नगरी पुरी पाऊणशे वर्षेही नांदली नाही. गादीवर एकामागून एक खलिफा येत आणि उलथवले जात. वल्लादाचा बाप तिसरा मुहंमद ‘अल-मुस्तक्फी’ हे बिरुद घेऊन १०२४ मध्ये गादीवर आला आणि १०२५ मध्ये शहर सोडून पळाला. बाईच्या वेषात निसटला असे इतिहासकार सांगतात. वाटेतच त्याचा अंत झाला. त्याच्याबद्दल चांगले लिहिणारा इतिहासकार शोधूनही सापडत नाही. १०३१ मध्ये कोर्दोबाच्या प्रतिष्ठितांनी खिलाफतच रद्द केली आणि शहराचा कारभार जह्वर घराण्याकडे गेला.

अशा घराण्यातल्या मुलीचे पुढे काय व्हायचे, हे एरवी तिच्या हातात नसते. पण सत्ता गेली तसा जनान्याचा पहाराही गेला आणि बाप नव्हताच. वल्लादाने लग्न केले नाही. तिने स्वतःच्या घरी बैठक सुरू केली आणि तिथे कवी, गद्यलेखक, वजीर, सरदारांची मुले येऊ लागली. इब्न बस्साम या बाराव्या शतकातल्या साहित्यसंग्राहकाने या बैठकीचे वर्णन करताना तिचे अंगण म्हणजे गद्य-पद्याच्या घोड्यांचे दौडीचे मैदान, अशी उपमा वापरली आहे. ती पडदा पाळत नसे आणि त्यामुळे लोकांना बोलायला निमित्त मिळाले, हेही तोच नोंदवतो. त्याच्या लिखाणात कौतुक आणि नापसंती एकाच वाक्यात नांदतात. तिच्याविषयीचा जवळपास सगळा जुना मजकूर याच दुहेरी सुरात लिहिलेला आहे.

तिच्या सर्वांत प्रसिद्ध ओळी कागदावरच्या नाहीत, कापडावरच्या आहेत. वस्त्राच्या दोन बाजूंवर तिने दोन ओळी सोन्याच्या अक्षरांत लिहवून घेतल्या होत्या. उजवीकडे : ‘अल्लाची शपथ, थोरवीच मला शोभते, मी माझ्या चालीने चालते आणि दिमाखात मिरवते.’ डावीकडे : ‘माझ्यावर जीव लावणाऱ्याला मी गाल देऊ करते, आणि ज्याला आस असेल त्याला माझे चुंबन देते.’ वस्त्रांवर काव्य भरण्याची रीत तिने शोधली नव्हती. बगदादच्या नखरेल समाजात गायिका आणि दासी बाह्यांवर, रुमालांवर, कपाळपट्ट्यांवर शेर भरत, याची वर्णने दहाव्या शतकात अल-वश्शा या लेखकाने करून ठेवली आहेत. (मराठी कानाला ‘कसीदा’ ही काव्यरचना आणि ‘कशिदा’ हे भरतकाम एकच वाटतात, पहिला शब्द अरबी, दुसरा फारसी, आणि दोघांचे मूळ वेगळे.) नवे होते ते हे की दासीच्या अंगावरचे बोल खलिफाच्या मुलीने स्वतःच्या अंगावर घेतले. दासीच्या बाहीवरची ओळ बहुधा मालकाच्या हौसेची असते. इथे मूळ अरबीत पहिली ओळ ‘मी’ने सुरू होते आणि दुसरीतही देणारी तीच आहे. चुंबनाच्या ओळीवर पुष्कळ चर्चा झाली. ‘माझ्या चालीने चालते’ हे शब्द मला त्याहून धीट वाटतात.

इब्न बस्साम ही हकीकत देतो, पण ‘असे म्हणतात’ अशी पुस्ती जोडून, आणि सांगणाऱ्यांची जबाबदारी आपल्यावर घेत नाही. इब्न बश्कुवाल हा कोर्दोबाचाच चरित्रकार तिच्या विद्वत्तेची आणि काव्याची वाखाणणी करतो, पण तिचे वागणे तिच्या कुळाला शोभेसे जपून नव्हते, हे आपल्या गुरूचे मतही नोंदवतो. एकाच बाईबद्दल एकाच शतकात दोन तोंडांनी बोलले गेले आहे.

अबुल वलीद इब्न झैदून (१००३–१०७१) हा कोर्दोबातला उच्चकुलीन, तरुणपणीच नाव कमावलेला कवी. दोघांची गाठ या बैठकींत पडली. पहिल्या भेटीसाठी निरोप वल्लादानेच धाडला, तोही ओळींत : ‘अंधार दाटला की माझी वाट पाहा, रात्रीइतके गुपित राखणारे मी कोणी पाहिलेले नाही. तुझ्यापायी मला जे झाले आहे ते सूर्याला झाले असते तर तो दिसला नसता, चंद्राला झाले असते तर तो उगवला नसता, ताऱ्याला झाले असते तर तो चालला नसता.’ अरबी प्रेमकाव्याला गझल म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात गझल म्हणजे रदीफ-काफियाचा ठरीव साचा. अरबीत तो शब्द मुळात विषय सांगतो, घाट नव्हे. त्या काव्यात झुरायचे काम परंपरेने पुरुषाकडे असे. वल्लादाच्या ओळींत रात्री बाहेर पडणारी ती आहे आणि वाट पाहणारा तो.

दुरावलेल्या दिवसांतली तिची एक कविता आणि तिच्यावरून झालेला पत्रव्यवहार तर फारच लोभस आहे. ‘या ताटातुटीनंतर भेटीची काही वाट आहे का, की प्रत्येकाने आपले दुःख सांगावे?’ अशी ती सुरू होते. शेवटी वल्लादा त्याच्या मुक्कामाच्या भूमीला आशीर्वाद देते : तिच्यावर धो धो पाऊस पडो. कोरड्या वाळवंटात जन्मलेल्या अरबी कवितेत पावसाची प्रार्थना हा जुनाच शुभसंकेत. इब्न झैदून उत्तरात प्रेम कळवतो आणि लगेच समीक्षकाच्या भूमिकेत शिरतो. माझ्या ओळींतले दोष दाखव असे तूच सांगत होतीस, म्हणून लिहितो, असे म्हणून तो सांगतो की इतका मुसळधार पाऊस मागणे आशीर्वादापेक्षा शापासारखे होते. जुना कवी झुर्रुम्मा यालाही लोकांनी याच कारणासाठी नावे ठेवली होती. त्यापेक्षा ‘तुझ्या घरांची नासाडी न करता पाऊस पडो’ म्हणणारी ओळ सरस, असा दाखलाही तो देतो. प्रेमपत्रात उपमेची शहानिशा करणारी ही दोन माणसे एकमेकांची वाचक होती. त्यांच्या प्रेमाबद्दल पुढे जे रचले गेले त्या सगळ्यापेक्षा मला ही एक चिठ्ठी अधिक खरी वाटते.

बिनसले कशावरून, याची कथा सतराव्या शतकातल्या अल-मक्करीच्या संग्रहात आहे. वल्लादाच्या दासीने गायलेले गाणे इब्न झैदूनने वल्लादाला न विचारता पुन्हा गायला सांगितले, आणि वल्लादाला जे समजायचे ते समजले. तिने लिहिले : ‘आपल्या प्रेमात तू न्यायाने वागला असतास, तर माझ्या दासीवर तुझा जीव जडला नसता. रूपाने लगडलेली फांदी सोडून तू फळ न धरणाऱ्या फांदीकडे वळलास. मी आकाशीचा पूर्णचंद्र हे तुला ठाऊक होते. पण माझ्या दुर्दैवाने तुला भुरळ पडली ती मुश्तरीची.’ ‘मुश्तरी’ म्हणजे गुरू हा ग्रह, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘विकत घेणारा’. दासीच्या संदर्भात हा शब्द सहज आला असेल असे वाटत नाही. मत्सराच्या या कवितेत राजकन्येचा दासीकडे पाहण्याचा तुच्छ भावही आहे. स्वातंत्र्याची नायिका म्हणून वल्लादाला उभे करताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

पुढे तिने इब्न झैदूनवर हिजा, म्हणजे निंदाकाव्य, लिहिले. ते इतके उघडे आणि अश्लील आहे की आजही अनुवादक बिचकतात. एका कवितेत ती त्याला सहा शिव्या मोजून देते आणि ‘षट्कोनी’ ही पदवी बहाल करते : जीव जाईल, पण ही पदवी जायची नाही. हिजा हा अरबी काव्यातला मानाचा प्रकार. जमातीची अब्रू राखणारे ते शस्त्र. पुरुषांनी ते चालवले तर कौशल्य ठरते. वल्लादाचे या प्रकारातले बरेचसे लेखन इब्न बस्सामने मुद्दाम गाळले आणि तसे लिहूनही ठेवले. तिचे काव्य इतके थोडे उरण्यामागे हेही एक कारण आहे.

इब्न अब्दूस हा वजीर इब्न झैदूनचा प्रतिस्पर्धी. त्याच्या दाराशी सांडपाण्याचे डबके साचलेले असे. एकदा वल्लादा तिथून जात होती आणि तो ऐटीत बसला होता. ती थांबली आणि जुना कवी अबू नुवास याने इजिप्तच्या अल-खसीब या अधिकाऱ्याच्या स्तुतीत लिहिलेली ओळ तिने ऐकवली : ‘तू खसीब आणि हा इजिप्त, दोघेही उधाणून वाहा, दोघेही समुद्रच आहात!’ शब्दही न बदलता स्तुतीची निंदा झाली. वजिराला उत्तर सुचले नाही. हजरजबाबीपणाचे असे मासले अरबी संग्रहांत रग्गड आहेत, पण इतकी अचूक बसलेली ओळ क्वचित सापडते.

याच इब्न अब्दूसची खिल्ली उडवणारे ‘अर-रिसाला अल-हझलिया’ हे गद्यपत्र इब्न झैदूनने लिहिले ते वल्लादाच्या नावाने, तिच्या तोंडी शब्द घालून. इतिहास-पुराणातल्या संदर्भांनी ते ठासून भरलेले आहे. चौदाव्या शतकात इब्न नुबाताने त्यावर स्वतंत्र भाष्यग्रंथ लिहिला. अरबी गद्याचा तो नामांकित नमुना, पण त्यातली वल्लादा वल्लादा नव्हे. तिच्या नावावरचा सर्वांत लांब मजकूर तिने लिहिलेला नाही.

इब्न झैदून पुढे राजकारणात अडकला, तुरुंगात गेला, तिथून पळाला, आणि अखेर सेव्हिलच्या अब्बादी दरबारात मोठ्या पदाला चढला. वल्लादाला उद्देशून लिहिलेला त्याचा ‘नूनिया’ (सगळ्या ओळींचा शेवट ‘न’ने होणारा) आणि झहराच्या बागांत तिच्या आठवणीने लिहिलेले काव्य अरब जगात आजही शाळेतल्या मुलांना पाठ असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तचा कवी अहमद शौकी स्पेनमध्ये हद्दपारीत होता. त्याने मायदेशाच्या ओढीची आपली कविता याच नूनियाच्या वृत्तात आणि यमकात बांधली.

वल्लादाच्या शिष्यांपैकी मुहजा बिन्त अत-तय्यानी हिचे नाव स्पष्ट मिळते. मुहजा कोर्दोबातल्या अंजीर विकणाऱ्याची मुलगी. वल्लादाने तिला हाताशी धरून शिकवले. पुढे दोघींत वितुष्ट आले आणि मुहजाने गुरूवरच जहरी हिजा लिहिली. ‘वल्लादा’ म्हणजे पुष्कळ मुले प्रसवणारी. या अर्थावर कोटी करून अविवाहित वल्लादाची तिने बदनामी केली. कविता क्रूर आहे. पण फळवाल्याच्या मुलीला खलिफाच्या मुलीवर अशी घोटीव कविता रचता आली, ही शिकवण वल्लादाचीच.

वल्लादाच्या म्हातारपणी पैसा आटला. इब्न अब्दूसने तेव्हा तिला अंतर दिले नाही. दोघेही ऐंशी पार करून जगले. तो तिचा खर्च उचलत होता आणि चिठ्ठी पाठवायला चुकत नव्हता. इब्न बस्साम म्हणतो, तो तिची सावली ठिगळ लावून सांभाळत होता. डबक्याजवळ गप्प झालेला तो हाच वजीर. वल्लादाच्या मृत्यूचे साल हिजरी ४८० किंवा ४८४ असे दोन प्रकारे दिले जाते. दुसरे खरे मानले तर ते १०९१, म्हणजे मोरोक्कोच्या अल-मुराबितांनी कोर्दोबा घेतले ते वर्ष.

अल-मक्करीने तिची तुलना बगदादच्या खलिफाची मुलगी, कवयित्री आणि गायिका उलय्या बिन्त अल-महदी हिच्याशी केली : पूर्वेला उलय्या, तशी पश्चिमेला वल्लादा. आधुनिक काळात अरबी आणि स्पॅनिश दोन्हींकडे तिच्यावर कथा-नाटके झाली. काहींनी तिला बंडखोर ठरवले, काहींनी निव्वळ रूपगर्विता. कोर्दोबात अल्काझारजवळच्या चौकात १९७१ मध्ये, इब्न झैदूनच्या मृत्यूला ९०० वर्षे झाली तेव्हा, ‘प्रेमिकांचे स्मारक’ उभारले गेले. छोट्या मंडपाखाली एकमेकांकडे झेपावणारे दोन हात आणि खाली अरबी-स्पॅनिशमध्ये दोघांच्या म्हणून कोरलेल्या ओळी. वल्लादाच्या नावाखालची ओळ अशी : ‘मला माझ्या डोळ्यांचा, माझाच, तुझा, तुझ्या काळाचा आणि तुझ्या जागेचाही मत्सर वाटतो; तुला डोळ्यांत साठवले तरी कयामतीपर्यंत ते मला पुरणार नाही.’ ओळ सुरेख आहे. मात्र अल-मक्करीच्या संग्रहात ती थोड्या पाठभेदाने बाराव्या शतकातल्या ग्रॅनडाच्या हफ्सा बिन्त अल-हाज्ज या कवयित्रीच्या नावावर आहे. आपल्या प्रियकराला, अबू जाफरला, तिने ती लिहून पाठवली होती.