पोकळ लाकडी पात्रांचे कातकाम

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडी ठोकळ्याचा आतला भाग अरुंद तोंडातून कोरून काढण्याची कला. तोंड लहान आणि पोट मोठे, ही अशा पात्राची खूण. वाडगा कातताना हत्याराचे टोक डोळ्यांसमोर असते. तांब्या किंवा सुरईच्या घाटाचे पात्र कातताना मात्र हे टोक आत कुठे चालले आहे ते दिसत नाही. आवाज आणि मुठीत येणारी थरथर यांवरूनच ओळखायचे. भिंत पातळ होऊ लागली की आवाजाची पट्टी बदलते, आणि मुरलेला कातारी ती आधी ऐकतो, जाडी मोजायचा कॅलिपर नंतर लावतो.

बाहेरचा घाट आधी उतरवतात. मग ठोकळ्याच्या मध्यातून ठरलेल्या खोलीपर्यंत सरळ भोक पाडतात. त्याने बुडाची जाडी निश्चित होते, शिवाय एक अडचणही टळते: फिरत्या वस्तूच्या अगदी मध्यबिंदूवर पृष्ठभागाचा वेग शून्य असतो, तेथे हत्यार कापत नाही, नुसते रेटते. यानंतर तोंडाजवळून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली जातात. बुडाकडचे लाकूड जाड असेपर्यंत वरची भिंत थरथरत नाही, म्हणून हा क्रम उलटवून चालत नाही.

खरी कसोटी तोंडालगतच्या खांद्याची. सरळ हत्यार तेथे पोहोचत नाही, वाकड्या मानेचे लागते. मात्र मान वाकडी असली तरी टोक दांड्याच्या रेषेतच यावे लागते, नाहीतर हत्यार हातात पिळते. वाकलेला भाग टेकूवर (हत्यार टेकवण्याच्या लेथवरच्या आधारावर) ठेवायचा नसतो, सरळ दांडाच टेकवायचा. एक मीटर लांबीच्या हत्याराचे टोक टेकूच्या 25 सेंमी पुढे असेल, तर टोकावरच्या जोराचा एक-तृतीयांश मुठीला पेलावा लागतो. 40 सेंमी पुढे गेले की दोन-तृतीयांश. खोल पात्रांसाठी लांब मुठी वापरतात त्या यामुळे. आत साठणारा भुसा वारंवार थांबून काढावा लागतो. तो हत्याराभोवती दाटला की टोक अडकते आणि तासन्‌तास घडवलेले पात्र क्षणात फुटते. आता हत्याराला जोडलेला लेझरचा ठिपका बाहेरच्या बाजूवर पडून जाडी दाखवतो. सोय मोठी आहे, पण कानाचे शिक्षण त्याने होत नाही.

लाकूड बहुधा ओलेच घेतात. ते सहज कापले जाते. सुकताना ते वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, तितके गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. पहिले आकसणे साधारण दुप्पट असते. त्यामुळे गोल पात्र लंबगोल होते. यावर दोन उपाय आहेत. भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी जाड ठेवून पात्र काही महिने सुकवायचे आणि पुन्हा कातायचे. किंवा एकाच बैठकीत भिंत काही मिलिमीटरांवर आणून लाकडाला हवे तसे वळू द्यायचे. पातळ भिंत वाकते, जाड भिंत तडकते.

लेथ जुनाच. इजिप्तमधील तूना एल-गेबेल येथील पेटोसिरिस या पुजाऱ्याच्या इ. स. पू. 300 च्या सुमाराच्या थडग्यात लेथचे चित्र कोरलेले आहे. जपानमध्ये सम्राज्ञी शोतोकूच्या आज्ञेने 764 ते 770 या काळात दहा लाख छोटे लाकडी स्तूप कातले गेले आणि प्रत्येकाच्या पोकळीत छापील धारणी, म्हणजे बौद्ध मंत्र, ठेवली गेली. पण ती पोकळी सरळ भोकाची, फुगीर पोटाची नव्हे. अरुंद तोंडाच्या पातळ पात्रांना स्वतंत्र कलाप्रकार म्हणून ओळख मिळाली ती 1970 नंतरच्या अमेरिकेत. तिथले कातारी डेव्हिड एल्सवर्थ यांनी त्यासाठी वाकडी हत्यारे घडवली. 1986 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचे ते पहिले अध्यक्ष.

आतले न दिसण्याची अडचण आपल्याकडच्या कातकामाने दुसऱ्या वाटेने सोडवली. कुंकवाचा लाकडी करंडा आत पोकळ असतो, पण तो दोन तुकड्यांत, झाकण वेगळे आणि तळ वेगळा, असा कातलेला. दोन्ही तोंडे उघडी असल्याने आतली पोकळी डोळ्यांना दिसते. सावंतवाडीच्या लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात; घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते.