झिप फाइलचा ताळा का जुळत नाही?

लॅपटॉप मंद झाला की लोक डेस्कटॉपवर जाऊन दहा वेळा रिफ्रेश करतात. त्याने फक्त पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात. वेगाच्या दृष्टीने ती निव्वळ जपमाळ आहे. फुकटचे ‘बूस्टर’ तर बहुतेकदा स्वतःच मेमरी अडवून बसतात. मात्र मंदपणाच्या जोडीला झिप फाइल (जागा वाचवायला दाबून लहान केलेली फाइल) उघडताना ‘सीआरसी एरर’ही येऊ लागली, तर हात आवरा आणि तो संदेश नीट वाचा.

शाळेत गुणाकार तपासायला नवाचा ताळा असायचा. 47 गुणिले 23 बरोबर 1081. अंकांच्या बेरजा करत गेलं की 47 चे 2, 23 चे 5, त्यांचा गुणाकार 10, म्हणजे 1. आणि 1081 चाही 1. ताळा जुळला! पण घाईत 1801 लिहिलं तरी तो जुळतोच. अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही.

सीआरसी हा याच ताळ्याचा हुशार भाऊ. अमेरिकी गणितज्ञ वेस्ली पीटरसन यांनी 1961 मध्ये तो मांडला. फाइलमधले सगळे शून्य-एक, म्हणजेच बिट, मिळून एकच लांबलचक संख्या समजायची, तिला 33 बिटांच्या ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि 32 बिटांची बाकी जपून ठेवायची. फाइल उघडताना पुन्हा काढलेली बाकी तिच्याशी जुळली नाही, की ‘सीआरसी एरर’. गंमत म्हणजे या भागाकारात हातचा नसतो: 1 अधिक 1 बरोबर 0, आणि बेरीज-वजाबाकी एकच. त्यामुळे संगणकाला हे काम चुटकीसरशी जमतं. सलग 32 बिटांच्या पट्ट्यातली कुठलीही मोडतोड यातून सुटत नाही. त्याहून मोठी, अस्ताव्यस्त गडबड निसटण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक.

झिपमध्ये ही बाकी मूळ, न दाबलेल्या मजकुराची असते. दाबताना ‘हाच तुकडा मागे अमुक अंतरावर आहे, तिथून उचल’ अशा खुणा लिहिल्या जातात, शिवाय प्रत्येक खुणेची लांबी वेगळी. एक बिट उलटला की पुढच्या खुणांच्या सीमा सरकतात आणि चुकीचे तुकडे उचलले जातात. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून अर्धवट डाउनलोड झालेली फाइल बहुधा उघडतच नाही. तिथे दोष लॅपटॉपचा नाही. पुन्हा उतरवून घ्या.

फाइल पूर्ण असूनही ताळा चुकतोय? लॅपटॉप रीस्टार्ट करून ती पुन्हा उघडा. दर खेपेला वेगळ्याच ठिकाणी चूक आली तर संशय रॅमवर. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. दर वेळी तिथेच अडत असेल, तर तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नव्याने उतरवून पाहा. तिथे ती नीट उघडली, तर तुमच्याकडची प्रत बिघडलेली आहे, आणि लॅपटॉपही अडखळत असेल तर डिस्ककडे बघा. खराब सेक्टर (डिस्कवरचा माहिती साठवायचा कप्पा) वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा धडपडते, तेवढा वेळ सगळं गोठतं. मंदपणा येतो तो इथून. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या ‘स्मार्ट’ (SMART) अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा, आकडा शून्याच्या वर दिसला, तर दुरुस्तीची कुठलीही आज्ञा देण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवा. दुरुस्तीच्या खटपटीत डिस्कला आणखी हजारो वेळा वाचायला लावलं जातं.