इंजिनाची राखीव ताकद

मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि पहिल्या अर्टिगामध्ये मुळात एकच डिझेल इंजिन होतं. फियाटचं, १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं आणि टाटाच्या व्हिस्टामध्ये बसायचं. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ अश्वशक्ती होती, अर्टिगात ९०. स्विफ्टवाल्याच्या मनात मग विचार येतोच, की माझ्या गाडीतले उरलेले १५ घोडे कुणी बांधून ठेवलेत? ट्यूनिंगवाला सांगतो, संगणकात. लॅपटॉप जोडायचा, ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, आकडे बदलायचे, तासा-दोन तासांत गाडी वेगळी. याला रीमॅप म्हणतात. त्यात खोटं काही नाही, ताकद खरंच वाढते. ती येते कुठून, हे मात्र आधी समजून घ्यायला हवं.

इंजिनाला इंधन पाजणं सोपं आहे, हवा पाजणं अवघड. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ ग्रॅम हवा लागते. सिलिंडरचं आकारमान ठरलेलं, त्यामुळे एका श्वासात किती हवा मावणार हेही ठरलेलं. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर, हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दहा टक्क्यांहून जास्त उतरते. ताकद वाढवायची तर त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबावी लागते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये यासाठी एक कल्पना पेटंट केली. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा आत ढकलायची. हाच टर्बोचार्जर. आजच्या छोट्या गाड्यांत तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतो.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळीचं टोक हाताला चटका देतं, तोच प्रकार. दाब दुप्पट केला की उन्हाळ्यातली हवा शंभर अंशांच्या पुढे सहज जाते. पेट्रोल इंजिनात याचा परिणाम वाईट होतो. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. मिश्रण आधीच जास्त तापलेलं असेल, तर ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन ठोकतंय.’ हे नॉकिंग. थोडा वेळ चाललं तर सहन होतं. भर लोडवर चालत राहिलं तर पिस्टनच्या कडा खरवडल्यासारख्या होतात, रिंगांमधली जागा तुटते, हेड गॅस्केट जातं.

ही अडचण टर्बोवाल्या गाड्यांच्या अगदी पहिल्या पिढीतच समोर आली. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या. शेवर्लेच्या कॉर्व्हेअरमध्ये अभियंत्यांनी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, मुद्दाम कमी केला, म्हणजे नॉकिंगला वाव कमी. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये मात्र रेशो १०.२५ इतका चढाच ठेवला आणि साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती काढली. नॉकिंग आवरायला त्यांनी बॉनेटखाली एक टाकी दिली. त्यात पाणी आणि मिथेनॉल. टर्बो जोरात आला की हे मिश्रण हवेत फवारलं जाई आणि बाष्पीभवनाने हवा गार होई. कल्पना सुरेख होती, तिचं तत्त्व आजही शर्यतीच्या गाड्यांत वापरतात. टाकी रिकामी झाली तर दाब आपोआप कमी करणारी झडपही होती. पण लोकांना पेट्रोलशिवाय आणखी काही भरायची सवय नव्हती. टाक्या कोरड्या राहू लागल्या, ताकद गेली म्हणून तक्रारी वाढल्या. जेटफायर दोन वर्षांत बंद झाली. कमी रेशोची टर्बो कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत विकली गेली.

पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने टाकीऐवजी इंजिनाला कान दिला. ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, त्याला नॉकिंगची थरथर जाणवली की टर्बोचा दाब क्षणात कमी व्हायचा. इंधन चांगलं असेल तर जास्त ताकद, हलकं असेल तर कमी. मला हा मोटारींच्या इतिहासातला फार मोठा टप्पा वाटतो, कारण माणसाच्या शिस्तीवर सोडलेली गोष्ट इथे यंत्राने स्वतःकडे घेतली. आज जवळपास प्रत्येक आधुनिक पेट्रोल गाडीत हा कान असतो.

आता रीमॅपकडे येऊ. कंपनीचा अभियंता ईसीयूत आकडे भरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सर्वांत वाईट दिवस असतो. नागपुरातला मे महिना, एसी चालू, पाच माणसं आणि सामान, हलकं इंधन, ऑइल बदलायला सहा महिने उशीर. लडाखच्या खिंडीत तर टर्बोला तेवढाच दाब द्यायला सपाटीपेक्षा कितीतरी जोरात फिरावं लागतं. या सगळ्यासाठी तो थोडी ताकद राखून ठेवतो. रीमॅप ही राखीव वापरतो. गार सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, नव्या इंजिनावर काही बिघडत नाही आणि मालक खूश होतो. ताण येतो तो वाईट दिवशी.

डिझेलमध्ये पेट्रोलसारखं नॉकिंग नसतं, त्यामुळे तिथे ताकद वाढवणं सोपं वाटतं. इंधन वाढवलं की ओढ वाढते. पण हवा पुरली नाही तर काळा धूर निघतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि त्याची झळ टर्बोला आणि पिस्टनच्या माथ्याला बसते. बरेचदा त्याआधी क्लच बोलतो. कमी आरपीएमला अचानक वाढलेली ओढ त्याला झेपत नाही, चढावर आरपीएम वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो.

फायदा खरा आहे, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. घाटात ट्रकला ओलांडताना समोरच्या लेनमध्ये थोडा वेळ कमी राहणं ही सुरक्षेचीच गोष्ट आहे. पण वाढलेली ताकद शेवटी वेगात उतरते. ताशी ८० ऐवजी १०० ने जाणाऱ्या गाडीत गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त असते आणि ती शोषायला ब्रेक आणि टायर मात्र जुनेच.

अर्टिगाचे ९० घोडे निव्वळ आकडे बदलून आले नव्हते. त्यात टर्बोच वेगळा होता, पाती वळवून कमी आणि जास्त दोन्ही वेगांना नीट हवा देणारा. हवा वाढली म्हणून इंधन वाढवता आलं. मला पटणारा मार्ग हाच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-६ डिझेलमधला काजळीचा फिल्टर काढून ताकद वाढवून देणारेही भेटतात. त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका. ती काजळी आपल्याच मुलांच्या छातीत जाते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या डिझेल गाडीचा दम ताम्हिणी घाटात संपायला लागला. दुसरा गिअर सोडवेना, मागे धूर. मीही रीमॅपची चौकशी केली होती. ओळखीच्या मेकॅनिकने आधी बॉनेट उघडलं, माझ्याकडून आरपीएम वाढवून घेतला आणि टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाशी कान नेला. फुस्स असा आवाज येत होता. होजला खालच्या बाजूने बोटभर चीर होती, टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर जात होती. होज बदलला, एअर फिल्टर नवा घातला. पुढच्या रविवारी तोच घाट गाडीने तिसऱ्यात चढला.