घंटा, भोंगा, फोन

२०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा भरल्या लोकलमध्ये अख्ख्या डब्याचे फोन एकदम किंचाळले. माझ्या समोरच्या काकांनी तर फोन फुटणार असं समजून तो हातभर लांब धरला. मेसेज साधा होता: ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा.

ही कल्पना मात्र दीडशे वर्षांहून जुनी. १८६८ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वर्तमानपत्रात जे. डी. कूपर यांनी सुचवलं, की शहराबाहेर दूरवर यंत्रं ठेवा. जमीन हलली की तारेतून वीज धावेल आणि भर शहरात उंचावर टांगलेली घंटा वाजेल. तिचा आवाज इतर घंटांपेक्षा वेगळा हवा, ही त्यांची अटच होती. हिशोब बरोबर होता. भूकंपाच्या विध्वंसक लाटा सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर जातात, विजेचा संदेश त्यांना सहज मागे टाकतो. घंटा मात्र कुणी टांगली नाही.

ती टांगली मेक्सिकोने, १९८५ च्या भूकंपात राजधानीत हजारो माणसं गेल्यावर. केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर, किनाऱ्याजवळ होतं, म्हणजे तिथे यंत्रं असती तर मिनिटभर हाती होतं. १९९१ मध्ये यंत्रणा सुरू झाली, १९९३ पासून इशारे सर्वांसाठी खुले झाले. आज त्या शहरात खांबाखांबावर भोंगे आहेत. पण १९ सप्टेंबर २०१७ ला भूकंपाचं केंद्र शहराच्या बरंच जवळ होतं. भोंगा आणि हादरा जवळजवळ बरोबरच आले. त्याच दिवशी, दोनच तास आधी, सगळ्यांनी सराव केला होता!

जपानने ऑक्टोबर २००७ पासून टीव्ही-रेडिओवरून इशारे सुरू केले, मग फोनवरून. तिथल्या सूचना-धूनसाठी श्रवणशास्त्राचे प्राध्यापक तोहरू इफुकुबे यांना गाठलं, कारण ती कमी ऐकू येणाऱ्यांनाही कळायला हवी होती. कूपरची घंटाच ही, दुसऱ्या रूपात.

फोनसाठी एसएमएस कामाचा नाही. तो एकेका नंबरला जातो, रांग लागते. २६ जुलै २००५ ला एक फोन लावताना काय हाल झाले, ते मुंबईकराला सांगायला नको. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकच संदेश आपल्या टापूतल्या सगळ्या फोनवर एका दमात टाकतो. लोकलमध्ये वाजला तो हाच.

भारतात आयआयटी रुरकीने उत्तराखंडसाठी २०२१ मध्ये इशाऱ्याचं ॲप आणलं. २०२३ मध्ये अँड्रॉइडचे भूकंप-इशारेही आले. त्यात चार्जिंगला लावून ठेवलेले फोनच हादरा टिपतात.

मुंबईला यातून काय? ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४.२१ ला कोयनेत भूकंप झाला, तो इथेही जाणवला. अंतर सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे मोठ्या लाटांना इथवर यायला जवळपास मिनिट. भूकंप ओळखून इशारा धाडण्यातले काही सेकंद वजा करा, तरी टेबलाखाली शिरायला वेळ उरतो. सातव्या मजल्यावरून खाली धावायला नाही. १९९३ मध्ये किल्लारीत मात्र केंद्र पायाखालीच होतं. तिथे कुठलीही घंटा उशिराच वाजली असती.

त्या लोकलमधल्या चाचणीनंतर काकांनी शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडे फोन दिला. त्याने सेटिंगमध्ये जाऊन इशारे बंद करून दिले.