दाल्मेशिया : राष्ट्रीय उद्याने आणि किनाऱ्यावरील जुनी नगरे

क्रोएशियाच्या दक्षिण भागात, एड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेली चिंचोळी पट्टी म्हणजे दाल्मेशिया. एका अंगाला डिनॅरिक आल्प्सच्या उघड्या, पांढुरक्या डोंगररांगा आणि दुसऱ्या अंगाला समुद्र व किनाऱ्याला समांतर पसरलेली शेकडो बेटे, असे या प्रदेशाचे रूप आहे. क्रोएशियातील आठ राष्ट्रीय उद्यानांपैकी पाक्लेनित्सा (१९४९), म्ल्येत (१९६०), कोर्नाती (१९८०) आणि क्रका (१९८५) ही चार या पट्टीत येतात. झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट आणि दुब्रॉवनिक ही जुनी बंदरनगरेही इथलीच. सहलींच्या आखणीत बहुधा एक दिवस धबधब्याला आणि एक दिवस जुन्या शहराला अशी वाटणी होते. तिच्यामुळे या प्रदेशाचे मर्म हातून निसटते. नगरांचा दगड, पाणी, पीठ आणि पुढे वीजसुद्धा याच डोंगर-नद्यांतून आली. उद्यान आणि नगर एकमेकांसोबत पाहिले, तरच दोन्ही नीट समजतात.

भूरचना : दाल्मेशिया जवळजवळ सगळा चुनखडीचा आहे. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या काळात, येथे उथळ, उबदार समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेल्या थरांचे पुढे डोंगर झाले. पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडी विरघळवते आणि भेगांतून आत शिरते. त्यामुळे डोंगरमाथे कोरडे राहतात, नद्या मध्येच जमिनीखाली गडप होतात आणि पायथ्याशी मोठ्या झऱ्यांच्या रूपाने पुन्हा उगवतात. अशा भूमीला कार्स्ट म्हणतात. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढले, किनाऱ्याला समांतर असलेल्या दऱ्या बुडाल्या आणि मधल्या डोंगरधारा बेटे होऊन उरल्या. या घडणीच्या किनाऱ्याला जगभरच्या भूगोलात ‘दाल्मेशियन किनारा’ असेच नाव आहे. सह्याद्रीत काळ्या कातळाचे लेणे, गड आणि घाट जसे एकाच द्रव्याचे वाटतात, तसे येथे कडा, तटबंदी, चर्च आणि गल्लीतली फरसबंदी हे सारे एकाच पांढऱ्या दगडाचे आहे. शतकानुशतकांच्या वर्दळीने ही फरसबंदी इतकी गुळगुळीत झाली आहे की पाऊस पडला की पाय सांभाळून टाकावा लागतो.

क्रका आणि शिबेनिक : ही जोडी दाल्मेशियात सर्वांत बोलकी आहे आणि वेळ कमी असेल तर इतर सारे सोडून हीच पाहावी. क्रका नदी दिनारा पर्वताच्या पायथ्याशी, क्निन गावाजवळ उगम पावते आणि सुमारे ७२ किमी. वाहून शिबेनिकजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर सात धबधबे आहेत. हे धबधबे नदीने खडक कापून केलेले नाहीत, नदीने स्वतः रचलेले आहेत. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळ, शैवाल आणि सूक्ष्मजीवांवर साठत जातो, त्याचा सच्छिद्र दगड बनतो आणि थरावर थर चढून नदीच्या पात्रात बांध उभे राहतात. स्थानिक लोक या दगडाला ‘सेद्रा’ म्हणतात. सर्वांत खालचा आणि मोठा धबधबा स्क्रादिनस्की बुक हा सतरा पायऱ्यांचा असून त्याची एकूण उंची सुमारे ४५ मी. आहे. सेद्रा अजूनही वाढते आहे. माणसाच्या पायांनी शेवाळ मोडले की ती वाढ थांबते. म्हणूनच १ जानेवारी २०२१ पासून स्क्रादिनस्की बुक येथे पोहण्यास बंदी आहे. जुन्या छायाचित्रांत येथे पोहणाऱ्यांची गर्दी दिसते आणि ती पाहून आलेले लोक हिरमुसतात, पण हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

या बांधांनी माणसालाही आयती उतरंड दिली. धबधब्याच्या कडेने दगडी पाणचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांत धान्य दळले जाई आणि पाण्यावर चालणाऱ्या लाकडी मोगऱ्यांखाली लोकरीचे कापड कुटून घट्ट केले जाई. काही चक्क्या दुरुस्त करून दाखवण्यासाठी चालू ठेवल्या आहेत. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर यारुगा जलविद्युत केंद्राचे अवशेष आहेत. २८ ऑगस्ट १८९५ रोजी हे केंद्र सुरू झाले आणि प्रत्यावर्ती (एसी) विद्युतप्रवाह सुमारे ११ किमी. अंतरावरील शिबेनिकला पोचून तेथील रस्त्यांवर दिवे लागले. अमेरिकेत नायगाऱ्याचे प्रसिद्ध केंद्र सुरू होऊन तेव्हा अवघे दोन दिवस झाले होते. शिबेनिकचे महापौर आंते शुपुक यांनी या योजनेमागे आपली शक्ती लावली होती. बहुतेक प्रवासी या अवशेषांकडे न बघता धबधब्याच्या पुलाकडे धावतात, हे फार वाईट वाटण्याजोगे आहे. युरोपातील फार थोड्या धबधब्यांपाशी पाणचक्कीपासून वीजकेंद्रापर्यंतचा प्रवास असा काही मिनिटांच्या चालीत पाहता येतो.

धबधब्याच्या वर नदी रुंदावून तळ्यासारखी होते. तिच्या मधोमध विसोवत्स नावाचे चिमुकले बेट आहे. १४४५ पासून तेथे फ्रान्सिस्कन पंथीयांचा मठ आहे. उद्यानाच्या बोटी तेथे नेतात. आणखी वरच्या अंगाला सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचा क्रका मठ आहे.

शिबेनिक हे रोमनांनी वसवलेले नगर नव्हे, ही गोष्ट या किनाऱ्यावर वेगळी ठरते. क्रोएशियाचा राजा पेतार क्रेशिमिर चौथा याच्या १०६६ सालच्या दस्तऐवजात त्याचा पहिला उल्लेख येतो. येथील संत याकोबाचे कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च) १४३१ ते १५३५ या काळात बांधले गेले. १४४१ पासून काम पाहणाऱ्या युराय दाल्मातिनत्स या शिल्पी-स्थपतीने ते गॉथिक घडणीतून पुनरुज्जीवन काळाच्या घडणीकडे वळवले. त्याच्यानंतर निकोला फिरेंतिनत्सने घुमट आणि छत पूर्ण केले. या इमारतीचे छतसुद्धा दगडाचेच आहे. लाकडी सुतारकामात खाचेत फळी बसवतात त्या रीतीने कोरीव बरगड्यांच्या खाचांत मोठ्या शिळा बसवल्या आहेत. मागच्या भिंतीवर बाहेरून सत्तरहून अधिक मानवी मुखे कोरलेली आहेत. ती संतांची नाहीत. चिडलेला, कंटाळलेला, झोपाळलेला, पगडी घातलेला असे रस्त्यावरचे चेहरे आहेत आणि त्यांच्यासमोर कितीही वेळ थांबले तरी थोडाच वाटतो. दगड ब्राच आणि कोर्चुला बेटांच्या खाणींतून जहाजांनी आणला होता. युनेस्कोने २००० मध्ये या कॅथेड्रलला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बंदराच्या तोंडाशी असलेला संत निकोलाचा जलदुर्ग २०१७ मध्ये व्हेनिसच्या संरक्षण-वास्तूंच्या गटातून त्याच यादीत आला.

व्हेनिसचा उल्लेख येथे वारंवार येतो त्याला कारण आहे. १४०९ मध्ये नेपल्सचा राजा लादिस्लाव याने दाल्मेशियावरील आपला हक्क व्हेनिसला एक लाख डुकाट नाण्यांना विकला. पुढे १७९७ मध्ये व्हेनिसचे गणराज्य बुडेपर्यंत दुब्रॉवनिक वगळता बहुतेक सारा किनारा त्याच्याच ताब्यात राहिला. नगरांच्या दरवाजांवरचा पंखधारी सिंह ही त्याचीच खूण.

कोर्नाती : शिबेनिक आणि झादर यांच्यासमोरच्या समुद्रात कोर्नाती द्वीपसमूह आहे. उद्यानाच्या हद्दीत ८९ बेटे आणि खडक येतात; क्षेत्रफळ सुमारे २२० चौ. किमी. असून त्याचा बहुतांश भाग पाणी आहे. खुल्या समुद्राकडच्या बाजूला उभे तुटलेले कडे आहेत. बेटे जवळजवळ बोडकी आहेत, कायम वस्ती नाही. तरीही या निर्जन टेकड्यांवरून पाण्यापर्यंत सरळ रेषेत उतरणारे तीनशे किमी.हून अधिक लांबीचे दगडी बांध आहेत. चुना वा माती न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेले हे गडगे मेंढरांची कुरणे आणि ऑलिव्हच्या बागा वेगळ्या करतात. जमीन प्रामुख्याने मुर्तेर बेटावरील कुटुंबांची आहे. त्यांच्या पूर्वजांनी ती झादरच्या सरदारांकडून एकोणिसाव्या शतकात विकत घेतली. ऑलिव्ह काढणीला आणि मेंढरांच्या कामाला ते होडीने येत-जात. कोरडा गडगा रचण्याची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत क्रोएशियासह आठ युरोपीय देशांच्या नावे नोंदली गेली.

३० ऑगस्ट २००७ रोजी कोर्नात बेटावर वणवा विझवायला गेलेले बारा अग्निशामक जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ बेटावर कोरड्या दगडांचे मोठे क्रूस जमिनीवर रचलेले आहेत. स्वयंसेवकांनी जुन्या गडग्यांच्याच पद्धतीने ते हातांनी रचले. आराखडा वास्तुविशारद निकोला बाशिच यांचा. झादरच्या धक्क्यावरील ‘सागरी ऑर्गन’ (२००५) हीदेखील त्यांचीच रचना आहे: दगडी पायऱ्यांखालच्या नळ्यांत लाटा हवा ढकलतात आणि त्यातून स्वर उमटतात. झादरमध्ये रोमन चौकातील दगड पायात घालून बांधलेले संत दोनातचे गोल चर्चही आवर्जून पाहावे.

पाक्लेनित्सा : झादरच्या उत्तरेला वेलेबित पर्वतात समुद्रापासून अगदी जवळ सुरू होणाऱ्या दोन खोल घळी आहेत, मोठी आणि छोटी पाक्लेनित्सा. आनिचा कुक हा येथील कडा प्रस्तरारोहकांत प्रसिद्ध आहे. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांनी येथे दोर घेऊन जरूर यावे; चुनखडीची पकड बेसाल्टपेक्षा अगदी निराळी असते. वेलेबितवरून हिवाळ्यात ‘बुरा’ नावाचा थंड, कोरडा ईशान्य वारा समुद्राकडे कोसळतो. त्याचे झोत ताशी दोनशे किमी.च्या पुढे जातात. अशा वेळी पूल आणि फेरी दोन्ही बंद ठेवावे लागतात.

स्प्लिट आणि त्रोगिर : रोमन सम्राट डायोक्लेशन याने निवृत्तीनंतर राहण्यासाठी इ. स. ३०५ च्या सुमारास बांधलेला तटबंद प्रासाद म्हणजे आजच्या स्प्लिटचा गाभा. दगड मुख्यतः ब्राचचा, स्फिंक्स इजिप्तचे, आणि पाणी यादरो नदीच्या कार्स्ट झऱ्यावरून सुमारे ९ किमी. लांब कालव्याने आणलेले. सातव्या शतकात शेजारचे सालोना नगर उद्ध्वस्त झाले, तेथील लोक प्रासादात आश्रयाला आले आणि पुढे तेथेच राहिले. आजही त्या भिंतींच्या आत घरे, दुकाने आणि वाळत घातलेले कपडे आहेत. सम्राटाचे समाधिमंदिर कॅथेड्रल झाले आणि ते ज्या संत दुये यांच्या नावाने आहे, त्यांना याच सम्राटाच्या काळात देहदंड दिला गेला होता. रोमनांचा तो कालवा एकोणिसाव्या शतकात दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला गेला, आणि स्प्लिट शहर आजही यादरोचेच पाणी पिते. जवळच्या त्रोगिरमध्ये शिल्पी रादोवान याचे १२४० सालचे कॅथेड्रलद्वार आहे. अर्ध्या दिवसात ते गाव पाहून होते.

दुब्रॉवनिक आणि म्ल्येत : दुब्रॉवनिक, जुने नाव रागुझा, हे शतकानुशतके स्वतंत्रपणे कारभार करणारे व्यापारी गणराज्य होते. तोफांपेक्षा करारांवर त्याचा भर असे आणि ऑटोमन सुलतानाला खंडणी देऊन त्याने व्यापार राखला. १३७७ मध्ये येथे साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर ठेवण्याचा कायदा झाला. विलगीकरणाचा हा जगातील अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी एक. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात नगराचा मोठा भाग कोसळला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या सेनापतीने गणराज्य संपवले. युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या १९९१-९२ च्या युद्धात जुन्या नगरावर तोफगोळे पडले. घरांची ताज्या लाल रंगाची कौले बव्हंशी त्यानंतर घातलेली आहेत, १९४० मी. लांबीच्या तटावरून चालताना मोजक्या जुन्या, फिकट कौलांचे तुकडे वेगळे ओळखू येतात. क्रूझ जहाजांच्या गर्दीने नगराचा श्वास कोंडू लागल्यावर २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजे येऊ देण्याचे धोरण आखले गेले. तटावर सकाळी दार उघडताच जावे, हे बरे.

दुब्रॉवनिकचा संरक्षक संत ब्लेझ. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे याच संताच्या नावाचे चर्च आहे आणि रागुझाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध असल्याचे मत क्रोएशियन अभ्यासकांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नाही, तरी क्रोएशियन पाहुणे त्या चर्चला आवर्जून भेट देतात.

म्ल्येत हे बेट पंधराव्या शतकापासून रागुझाच्या अमलाखाली होते. त्याच्या पश्चिम भागातील उद्यानात पाइनच्या दाट वनात दोन खारी तळी आहेत. समुद्र चढल्यावर पाणी शिरलेले हे कार्स्टचे खळगे. मोठ्या तळ्यातील बेटावर बाराव्या शतकातील बेनेडिक्टाइन मठ आहे. म्ल्येतची आणखी एक कथा भारताशी जोडलेली आहे. बेटावर विषारी घोणसवर्गीय सापांचा फार उपद्रव होता, म्हणून १९१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजवटीत तेथे मुंगसे सोडण्यात आली. ही मूळची भारतासह दक्षिण आशियातली छोटी जात. सापांची संख्या घटली. पण मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि कोंबड्याही फस्त केल्या. आज ही जात युरोपीय संघाच्या उपद्रवी परकीय प्राण्यांच्या यादीत आहे.

भेटीची व्यवस्था : एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. वसंतात क्रकेला पाणी भरपूर असते. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, गर्दी आणि वणव्याची भीती तिन्ही वाढतात. क्रकेच्या तिकिटाचा दर हंगामानुसार बदलतो. शिबेनिकहून बसने स्क्रादिनला आणि तेथून उद्यानाच्या बोटीने धबधब्याकडे जाणे ही सर्वांत सुरेख वाट. कोर्नातीला मुर्तेर, झादर वा शिबेनिकहून बोटी निघतात, म्ल्येतला दुब्रॉवनिकहून. किनाऱ्यावर बस हेच मुख्य साधन आहे; रेल्वे स्प्लिट आणि शिबेनिकपर्यंत येते, दुब्रॉवनिकला येत नाही. दुब्रॉवनिकच्या वाटेवर पूर्वी नेउम येथे बोस्नियाची हद्द ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून ती गरज उरलेली नाही. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला असून चलन युरो आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. शाकाहारींना बटाटा घातलेली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी, ऑलिव्ह आणि पाग बेटाचे मेंढीच्या दुधाचे चीज जवळपास सगळीकडे मिळते.