उंदराच्या मेंदूतलं डोपामाईन

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत आता डोपामाईन हा शब्द सहज ऐकू येतो. मूल मोबाईल सोडत नाही, की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘त्याने डोपामाईन वाढतं ना!’ हे आनंदाचं रसायन आहे असा समज पक्का झाला आहे. पण ज्या प्राण्यांच्या मेंदूत ते प्रत्यक्ष मोजलं गेलं, त्यांनी वेगळंच काही दाखवलं. ते सगळ्यांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

या गोष्टीत आपली सर्पगंधा आहे. तिच्या मुळांतून 1952 साली रेसरपिन नावाचं औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामाईन बनवतं ते द्रव्य, दिलं आणि थोड्याच वेळात ते हिंडूफिरू लागले. ज्यापासून शरीर सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन बनवतं ते द्रव्य दिलं, तर मात्र असं काही झालं नाही. हे 1957 साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने मेंदूतलं डोपामाईन मोजलं: रेसरपिनने ते नाहीसं होत होतं, एल-डोपाने परत येत होतं. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही एल-डोपा देतात, त्याचा उगम इथे आहे. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

हे मोजमाप मात्र मेंदू बाहेर काढून करावं लागे. एका प्राण्यापासून एकाच क्षणाचा आकडा. वागणूक तर क्षणोक्षणी बदलते.

त्यावर सूक्ष्म डायलिसिसची पद्धत निघाली. जागत्या, फिरत्या उंदराच्या मेंदूत टोकाला पातळ पडदा असलेली बारीक नळी बसवतात. आतून मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर इतकं सावकाश द्रव वाहत राहतं, आणि आसपासची रसायनं पडद्यातून त्यात उतरतात. बाहेर आलेल्या थेंबांची तपासणी होते. नेमकं कोणतं रसायन आहे हे इथे खात्रीने कळतं, पण एक नमुना जमायला बहुधा दहा-वीस मिनिटं लागतात. दिवसाअखेर पर्जन्यमापक पाहिला, तर सर कधी आली ते कळत नाही, तसंच हे. या पद्धतीने खाण्याच्या वेळी डोपामाईन वाढलेलं दिसलं, आणि पायाला विजेचा झटका बसला तेव्हाही वाढलेलं दिसलं! झटक्यात कसला आनंद?

वेगासाठी कार्बनचा तंतू वापरतात, जाडी साधारण सात मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. त्यावरचा विद्युतदाब सेकंदात दहा वेळा झपाट्याने चढवून उतरवतात. त्या दाबाखाली डोपामाईन इलेक्ट्रॉन सोडतं, आणि तो प्रवाह मोजता येतो. अडचण ही की नॉरअ‍ॅड्रेनालिन या मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनाची खूण जवळजवळ तशीच उमटते, म्हणून तंतू मेंदूत नेमका कुठे बसला याला फार महत्त्व. शिवाय यात चढउतार दिसतो, मूळची पातळी नाही. तरीही 2007 साली याच पद्धतीने एक सुंदर गोष्ट दिसली. साखरेची गोळी मिळण्याआधी नेहमी एक खूण दाखवली, तर आधी गोळीच्या वेळी उसळणारं डोपामाईन शिकल्यानंतर खुणेच्या वेळी उसळू लागलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचा प्रयोग. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामाईन नष्ट केलं. उंदीर स्वतःहून खाईनात, त्यांना नळीने भरवावं लागे. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. कडू लागलं की तोंड वेंगाडत. गोडी जिभेला आवडत होती, ती मिळवायला उठण्याची ओढ गेली होती. उंदराला काय वाटतं हे विचारता येत नाही, म्हणून ओठांच्या हालचाली चित्रफितीवर टिपून मोजाव्या लागल्या. नुसता रसायनाचा आकडा असता, तर आवडणं आणि हवंसं वाटणं यांतला फरक त्यात दिसलाच नसता.